शर्यत आणि शर्त

मराठींतील ‘शर्यत’ आणि ‘शर्त’ हे दोन शब्द एकाच अरबी घराण्यांतले होत. मूळ शब्दांत पैज आणि अट हे दोन्ही अर्थ सुखानें नांदतात. आपल्याकडे येतांना त्यांनीं वांटणी करून घेतली. धांवण्याची पैज ती शर्यत झाली, व कागदावरची अट ती शर्त राहिली. मोटारगाडीच्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत या दोन बहिणींचें आरंभीं फार जमलें, पुढें बिनसलें, आणि अखेर प्रकरण न्यायाधीशापुढें गेलें. त्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. विषय वरवर पाहतां श्रीमंतांच्या छंदाचा वाटेल. परंतु त्याच्या पोटांत जो प्रश्न आहे तो प्रत्येक घरचा आहे. विकणारा आपल्या वस्तूच्या ज्या गुणाची तोंड भरून स्तुति करितो, तोच गुण उपयोगांत आणतांना वस्तु मोडली, तर नुकसान कोणाच्या पदरीं घालावें?

प्रथम आजची स्थिति पाहूं. एखाद्या वेगवान मोटारीची हमीपुस्तिका उघडली तर तींत बहुधा असें कलम आढळतें कीं, गाडी शर्यतींत किंवा वेगाच्या चढाओढींत वापरल्यास त्यामुळें होणारी मोडतोड हमींत बसणार नाहीं. त्याच गाडीच्या जाहिरातींत मात्र ती शर्यतीच्या वाटेवर वळण घेतांना दाखविलेली असते, आणि शंभर किलोमीटरांचा वेग ती किती सेकंदांत गांठते याचे आंकडे ठळक अक्षरांत असतात. कोणी हौशी गृहस्थ, पेशानें डॉक्टर असेल, दुकानदार असेल, सुटीच्या दिवशीं रीतसर पैसे भरून बंदिस्त वाटेवर ती गाडी जाहिरातींत दाखविली तशीच हांकतो, गिअरपेटी मोडते, आणि दुसऱ्या दिवशीं दुरुस्तीच्या कारखान्यांत त्याच्यापुढें पुस्तिकेंतील तें कलम ठेवण्यांत येतें. ‘रविवारीं जिंका, सोमवारीं विका’ अशी अमेरिकन मोटारधंद्यांत एक म्हण आहे. कारखानदाराच्या बाजूनें ती खरी. हौशी ग्राहकाच्या बाजूनें मात्र रविवारीं धांवणें आणि सोमवारीं भोगणें असाच तिचा अर्थ पुष्कळदां होतो.

हें पूर्वापार असें नव्हतें. इतिहासाचा आरंभ नेमका याच्या उलट आहे.

मोटारगाडी नवी होती तेव्हां तिच्यावर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. घोड्याची जात, वय, दांत पाहून त्याची पारख करणारे लोक गांवोगांव होते. यंत्राची पारख करणारा कोणी नव्हता. अशा वेळीं ‘ल पेती जूर्नाल’ या पॅरिसच्या वृत्तपत्रानें २२ जुलै १८९४ रोजीं पॅरिस ते रूआं अशी सुमारें १२६ किलोमीटरांची जाहीर परीक्षा ठेविली. बक्षीस केवळ वेगाला नव्हतें. गाडी निर्धोक असावी, हांकावयास सोपी असावी आणि चालविण्याचा खर्च फार नसावा, अशी कसोटी होती. सर्वांच्या आधीं पोंचली ती कोंत द दिआं यांची वाफेची गाडी. परंतु तिच्या भट्टीसाठीं निराळा माणूस ठेवावा लागे, म्हणून पहिलें बक्षीस तिला न देतां तें प्यूजो आणि पानार-लव्हासोर या दोन कारखान्यांस वांटून देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं पॅरिसहून बोर्दोपर्यंत आणि परत अशी सुमारें ११७८ किलोमीटरांची शर्यत झाली. एमील लव्हासोर हा वयाची पन्नाशी उलटलेला कारखानदार स्वतःच गाडींत बसला आणि ४८ तास ४८ मिनिटांत परत आला. तरीहि पहिलें बक्षीस त्याला मिळालें नाहीं. तें मिळालें त्याच्यामागून अकरा तासांनीं आलेल्या प्यूजो गाडीला. कारण बक्षीस चार आसनांच्या गाडीसाठीं होतें, आणि लव्हासोरच्या गाडींत दोनच माणसें बसत.

या दोन निकालांकडे वाचकांनीं अंमळ थांबून पाहावें. पहिला येऊनहि पहिला न ठरणें हें आज चमत्कारिक वाटतें. परंतु परीक्षकांच्या मनांत हेतु स्पष्ट होता. घरच्या माणसांना घेऊन जाणारी गाडी कोणती, हें त्यांना लोकांस सांगावयाचें होतें. त्या काळीं शर्यतीचें निकालपत्र हेंच हमीपत्र होतें. भर रस्त्यावर हजारों लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीला आणखी लेखी पुरावा कशाला?

कांहीं वेळां तर शर्त घालणारा ग्राहकच असे, आणि कारखाना ती पुरी करण्यासाठीं राबे. नीस येथें राहणारा एमिल येलिनेक हा धनिक जर्मनीच्या डाइम्लर कारखान्याच्या गाड्या घेई, विकी आणि आपल्या मुलीचें ‘मर्सिडीस’ हें नांव धारण करून शर्यतींतहि उतरे. मार्च १९०० मध्यें ला तुर्बीच्या चढणीवरील शर्यतींत त्या कारखान्याचा हांकणारा विल्हेल्म बाउअर अपघातांत ठार झाला. गाडी उंच, आंखूड आणि डोक्यावर जड होती. यापुढें शर्यत नको, असा विचार कारखान्यांत होऊं लागला. येलिनेकनें उलट दिशेनें आग्रह धरला: गाडी लांब करा, रुंद करा, तिचा भार जमिनीकडे आणा, तशा छत्तीस गाड्या मी घेतों. विल्हेल्म मायबाख यानें रचलेली ३५ अश्वशक्तीची ती गाडी मार्च १९०१ मध्यें नीसच्या सप्ताहांत सर्वांना मागें टाकून गेली. आजची मोटारगाडी आकारानें ज्या गाडीची वंशज म्हणतां येईल ती हीच. अमेरिकेंतहि त्याच सालीं १० ऑक्टोबर रोजीं हेन्री फोर्ड यानें अलेक्झांडर विंटन या नामांकित कारखानदाराला शर्यतींत हरविलें, आणि त्या एका विजयाच्या बळावर त्याच्या नव्या कंपनीला भांडवलदार मिळाले. शर्यत ही तेव्हां कारखान्याची प्रयोगशाळा, जाहिरात आणि पत हीं तिन्हीं होती.

इंग्लंडांत सार्वजनिक रस्त्यांवर वेगाची मर्यादा असल्यामुळें १९०७ सालीं वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स येथें खास मोटारींसाठीं वर्तुळाकार वाट बांधण्यांत आली. ती उघडून थोडे दिवस होतात तोंच नेपियर गाड्यांचा विक्रेता सेल्विन एज यानें तेथें एकट्यानें चोवीस तास गाडी हांकून १५८१ मैल कापले. माल विकणारा स्वतःच मालाच्या परीक्षेस बसला, याहून मोठी हमी कोणती? १९१३ सालीं कापडधंद्यांतील जोसेफ हिगिन्सन या हौशी गृहस्थानें व्हॉक्सहॉल कारखान्याच्या लॉरेन्स पॉमरॉय या शिल्पज्ञाकडे शेल्स्ली वॉल्शची टेकडी जिंकणारी गाडी मागितली. ती मिळाली, तिनें जून महिन्यांत ५५.२ सेकंदांत टेकडी चढून उच्चांक केला, आणि तिच्यापासून ‘३०-९८’ नांवाची प्रसिद्ध गाडी विक्रीस आली. पुढें या गाडीबरोबर कारखाना असें वचन देऊं लागला कीं, वरचा साज उतरून शर्यतीच्या थाटांत ती ब्रुकलँड्सवर नेल्यास ताशीं शंभर मैलांचा वेग देईल. पाहा, हमी होती, आणि ती शर्यतीच्या वाटेवरच पारखून घ्यावयाची होती! आजच्या हमीपत्रांत जें स्थान वर्ज्य, तेंच स्थान तेव्हां हमीचें साक्षीदार होतें.

शर्यत आणि शर्त एका छपराखालीं नांदल्याचें सर्वांत शोभिवंत उदाहरण बेंटली कारखान्याचें. वॉल्टर ओवेन बेंटली हा रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला माणूस. त्याच्या तीन लिटरच्या गाडीला पांच वर्षांची हमी असे. १९२३ सालीं फ्रान्समध्यें ल माँ येथें चोवीस तासांची शर्यत प्रथमच ठरली, तेव्हां जॉन डफ या त्याच्या विक्रेत्यानें स्वतःची बेंटली घेऊन जाण्याचें ठरविलें. बेंटलीला तो वेडेपणा वाटला. चोवीस तास गाडी टिकेल असा भरंवसा खुद्द कर्त्यालाच नव्हता. डफ आणि फ्रँक क्लेमेंट यांनीं दगड लागून फुटलेल्या पेट्रोलच्या टाकीसह ती शर्यत पुरी करून चौथें स्थान मिळविलें, आणि दुसऱ्या वर्षीं तीच शर्यत जिंकली. पुढें १९२७ ते १९३० अशीं चार वर्षें ओळीनें बेंटली तेथें पहिली आली. कारखाना मात्र १९३१ सालीं बुडून रोल्स-रॉइसच्या हातीं गेला. कीर्ति अमर झाली आणि जमाखर्च जुळला नाहीं. हा धडा इतर कारखानदारांनीं नीट पाठ केला.

येथपर्यंत शर्यतीची बाजू झाली. आतां कागदाकडे वळूं. कारण शर्यतीला प्रेक्षक होते, आणि कागदाला बहुधा वाचकहि नव्हते.

इंग्लंडांतील १८९३ च्या मालविक्रीच्या कायद्यानें ग्राहकाला मोठें संरक्षण दिलें होतें. ग्राहकानें आपला हेतु सांगून विक्रेत्याच्या ज्ञानावर विश्वास ठेविला असेल, तर माल त्या हेतूला योग्य असला पाहिजे, ही अट करारांत लिहिलेली नसली तरी कायदा ती लिहिलेली आहे असें मानी. ब्रिस्टलच्या ट्रॅम कंपनीनें फियाटच्या विक्रेत्यांकडून प्रवासी गाड्या घेतल्या. त्या शहराच्या चढउतारांच्या रस्त्यांवरील जड वाहतुकीस टिकल्या नाहींत. १९१० सालीं न्यायालयानें ट्रॅम कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. हें मोटारविक्रेत्यांना जड जाऊं लागलें. त्यावर त्यांनीं काढलेली तोड म्हणजे छापील हमीपत्र. त्यांत एका हातानें द्यावयाचें तें असें: अमुक महिन्यांत सदोष धातूमुळें मोडलेला भाग बदलून देऊं. दुसऱ्या हातानें घ्यावयाचें तें असें: याखेरीज कायद्यानें वा अन्यथा मिळणारी कोणतीहि हमी मागूं नये. ज्याला ग्राहक आपलें कवच समजत होता, तें पुष्कळ अंशीं विक्रेत्याचें कवच होतें.

या हमीपत्राचा पहिला संस्मरणीय पराभव एका शर्यतबाज गाडीवरूनच झाला, हा इतिहासाचा विनोद आहे. बॉल्ड्री नामक गृहस्थानें मार्शल नामक विक्रेत्यांना लिहिलें कीं, आम्हांस प्रवासासाठीं आरामशीर गाडी पाहिजे. विक्रेत्यांनीं आठ नळकांड्यांची बुगाटी गळ्यांत घातली. बुगाटी म्हणजे युरोपच्या शर्यती गाजविणारें नांव. परंतु आरामाशीं तिचा संबंध बेताचाच. ग्राहकानें पैसे परत मागितले. विक्रेत्यांनीं हमीपत्र पुढें केलें. १९२५ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या या खटल्यांत अपील न्यायालयानें जो भेद दाखविला तो सूक्ष्म पण निर्णायक होता. इंग्रजी कायद्यांत हमी ही दुय्यम गोष्ट आहे आणि शर्त ही कराराचा पाया आहे. तुम्ही छापील कागदानें इतर हमी वगळल्या असतील. शर्त वगळलेली नाहीं. आणि प्रवासास योग्य असणें ही शर्त होती. ग्राहकाला पैसे मिळाले. ‘नवीन’ गाड्या देण्याचा करार करून पुष्कळ मैल धांवलेली गाडी माथीं मारणाऱ्या सिंगर कंपनीलाहि १९३४ च्या संग्रहांतील खटल्यांत असेंच उत्तर मिळालें. बोललेला शब्द छापील कलमाखालीं गाडतां येत नाहीं, हें तत्त्व अशा निकालांतून घडत गेलें.

अमेरिकेंत वाट निराळी होती. तेथें अडचण अशी कीं ग्राहकाचा करार दुकानदाराशीं. कारखानदार म्हणे, मी या माणसाला ओळखत नाहीं. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर मॅकफर्सन विरुद्ध ब्यूइक हा खटला आला. चाकाच्या लांकडी आऱ्या मोडून मालक गाडीबाहेर फेंकला गेला होता. तें चाक ब्यूइकनें दुसऱ्याकडून विकत घेतलेलें, आणि नीट तपासलें असतें तर दोष दिसण्यासारखा होता. न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं कारखानदाराला जबाबदार धरलें. त्यांच्या विवेचनांतील एक मुद्दा आमच्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवतो. ही गाडी ताशीं पन्नास मैल जाण्यासाठीं रचलेली आहे, असें त्यांनीं नमूद केलें. मग चाकें बळकट नसतील तर इजा होणारच, हें कारखानदाराला कळत नव्हतें काय? म्हणजे ज्यानें वेग घडविला, त्याच्यावर त्या वेगाला पुरेल अशी ताकद घडविण्याचीहि जबाबदारी येते. आमच्या मतें वेगवान गाडी आणि हमी यांच्या वादांतील हें मूळ सूत्र होय.

परंतु सूत्र सांपडलें म्हणून व्यवहार सुधारतो असें नाहीं. पुढें अमेरिकेच्या मोटार-कारखानदारांच्या संघानें एकच नमुन्याचें हमीपत्र ठरविलें: ९० दिवस किंवा ४००० मैल, जें आधीं संपेल तें. सदोष भाग वाहतुकीचा खर्च देऊन कारखान्याकडे पाठवावयाचा; तो सदोष आहे कीं नाहीं हें कारखान्यानें स्वतःच्या समाधानाप्रमाणें ठरवावयाचें. देशांतील नव्वद टक्क्यांहून अधिक गाड्या ज्यांच्या, त्या सर्वांचा कागद एकच. ग्राहकानें जावें कोठें? १९५५ च्या मे महिन्यांत न्यू जर्सीमधील हेनिंगसेन नांवाच्या गृहस्थानें पत्नीला मातृदिनाची भेट म्हणून प्लिमथ गाडी घेतली. दहा दिवसांनीं, ४६८ मैल धांवल्यावर, ताशीं वीस-बावीस मैलांच्या सौम्य वेगानें जातांना बाईंच्या हातांतील चक्र एकाएकीं फिरलें आणि गाडी भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चेंदामेंदा झाला कीं नेमका कोणता भाग निकामी झाला हें सांगणेंच अशक्य. १९६० सालीं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, असें सर्व जबाबदारी झटकणारें कलम लोकहिताच्या विरुद्ध आहे. गाडी सामान्य उपयोगास योग्य असल्याची हमी कायद्यानेंच कारखानदाराच्या गळ्यांत पडते.

याच सुमारास शर्यतीच्या आघाडीवर एक नाटक चाललें होतें. महायुद्धानंतर अमेरिकेंत हौशी शर्यतींना भरती आली. १९४८ मध्यें वॅटकिन्स ग्लेन गांवच्या रस्त्यांवर हौशी गृहस्थांनीं आपापल्या गाड्या पळविल्या. १९५१ पासून पाव मैलाच्या सरळ धांवेच्या शर्यतींना राष्ट्रीय संघटना मिळाली. घरून गाडी हांकीत जावें, दिवसभर धांवावें आणि त्याच गाडींतून परत यावें, असा हा लोकांचा खेळ होता. कारखानदारांनीं जून १९५७ मध्यें शर्यतींपासून दूर राहण्याचा व वेगाची जाहिरात न करण्याचा ठराव केला, आणि थोड्याच वर्षांत तो मोडला. १९६३ च्या गाड्यांस क्रायस्लर कंपनीनें इंजिन व चालकयंत्रणेसाठीं पांच वर्षें किंवा ५०,००० मैल अशी त्या काळीं अपूर्व हमी दिली. त्याच कंपनीनें १९६६ मध्यें ‘हेमी’ हें शर्यतींतून आलेलें ४२५ अश्वशक्तीचें इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत घातलें. त्या इंजिनाला मात्र ती लांब हमी नव्हती. त्याची मुदत १२ महिने किंवा १२,००० मैल. आणि १९६८ मध्यें त्याच इंजिनाच्या ज्या थोड्या डॉज डार्ट गाड्या खास धांवेच्या शर्यतींसाठीं निघाल्या, त्यांवर चक्क चिठ्ठी डकविलेली होती कीं, ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठीं नाहीं. ती आहे तशी विकली आहे, हमी कांहींहि नाहीं.

आम्हांस ही चिठ्ठी निंद्य वाटत नाहीं. उलट ती प्रामाणिक वाटते. तिनें वेगाची लालूच दाखवून भाबड्याला फसविलें नाहीं. ज्यानें ती गाडी घेतली त्यानें डोळे उघडे ठेवून घेतली. खरी अडचण येते ती या दोन टोकांच्या मधल्या गाडीबाबत. ती बाजारहाट करावयास जाते, मुलांना शाळेंत सोडते, आणि तिच्या किंमतींत वेगाच्या कीर्तीचा भाव धरलेला असतो.

कारखानदाराचा युक्तिवाद न ऐकतां निकाल देणें अन्यायाचें होईल. हमी म्हणजे एक प्रकारची वर्गणी आहे. गाडीच्या किंमतींत प्रत्येक ग्राहक तिचा थोडा भाग भरतो. दहांतील एकजण शर्यतीच्या वाटेवर क्लच जाळीत असेल, तर इतर नऊजणांनीं त्याची भरपाई कां करावी? शिवाय यंत्राच्या दृष्टीनें शर्यतीचा ताण वेगळ्या जातीचा असतो. ब्रेक पुनःपुन्हां इतके तापतात कीं त्यांतील द्रव उकळूं लागतो. लांब वळणांत इंजिनाच्या तळांतील तेल एका कडेला सरकतें, पंपाच्या तोंडाशीं तेलाऐवजीं हवा येते, आणि बेअरिंग क्षणभर कोरडीं पडतात. असे क्षण शेंकडों झाले म्हणजे इंजिन जातें. घरगुती वापरांत हें सहसा घडत नाहीं. हा युक्तिवाद खोटा नाहीं.

परंतु तो पुरा नाहीं. शर्यतीच्या वाटेवर गेलेल्या गाडींतील बिघाडांचे तीन वर्ग पाडले पाहिजेत. पहिला वर्ग ज्यांचा शर्यतीशीं संबंधच नाहीं अशांचा: दाराचें कुलूप बिघडलें, छतांतून पाणी गळूं लागलें, तर गाडी कोठें धांवली हें विचारण्याचें कारण नाहीं. दुसरा वर्ग मूळच्या दोषाचा, जो ताणामुळें लवकर उघडा पडला: ओतकामांत पोकळी राहिलेला भाग पन्नास हजार मैलांनीं मोडावयाचा तो पांच हजारांवर मोडला, येथें शर्यतीनें दोष निर्माण केला नाहीं, दाखविला मात्र. तिसरा वर्ग निखळ झिजेचा: टायर, ब्रेकचे पट्टे, क्लच, हा खर्च हौस करणाऱ्यानेंच सोसावा. सरसकट कलम हे तिन्ही वर्ग एकाच दोरींत बांधतें, आणि त्यांतच त्याचा अन्याय आहे. वळणांतील तेलाचें उदाहरणहि पुन्हां पाहण्यासारखें आहे. साध्या गाडींत तें घडलें तर ग्राहकाचा अतिरेक. परंतु शर्यतीच्या वाटेवरील वळणांचीं चित्रें दाखवून जी विकली, तिच्यांत घडलें तर तो रचनेचा दोष कां म्हणूं नये? कार्डोझो यांच्या सूत्राचा हाच अर्थ आहे.

मग वर्ग कोणी ठरवावा? अमेरिकेंत १९७५ च्या हमीविषयक कायद्यानें लेखी हमींतील अटी साध्या भाषेंत आणि आधींच सांगण्याचें बंधन घातलें, व आमच्याच नांवाचा सुटा भाग वापरला तरच हमी टिकेल अशी सक्ति सामान्यतः निषिद्ध केली. परंतु गाडी कशी हांकली याचा पुरावा तेव्हां फक्त माणसांच्या तोंडीं होता. आतां तो यंत्राच्या पोटांत असतो. गाडींतील गणकयंत्रें वेग, इंजिनाचे फेरे, ब्रेक यांच्या नोंदी ठेवतात. जपानांत २००७ च्या अखेरीस विक्रीस आलेली निस्सानची जीटी-आर ही गाडी तर उपग्रहाच्या साह्यानें आपण शर्यतीच्या वाटेवर आहों हें ओळखी, आणि तेथेंच ताशीं १८० किलोमीटरांची मर्यादा उठवूं देई. मात्र तेथून परतल्यावर हमी टिकविण्यासाठीं ठराविक केंद्रांत तिची तपासणी करून घेणें आवश्यक असे. ही व्यवस्था खर्चाची असली तरी तींत एक सरळपणा आहे: शर्यतीस बंदी नाहीं, नंतर नाडी दाखवा. दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें ऑस्ट्रेलियांत २०१८ मध्यें आणलेल्या ‘आय थर्टी एन’ गाडीच्या बाबतींत याहून पुढचें पाऊल टाकलें. चढाओढ आणि वेळमोजणी नसेल, तर बंदिस्त वाटेवर हांकल्यानें हमी जाणार नाहीं, असें तिनें जाहीरच केलें. शंभर वर्षांपूर्वीं ब्रुकलँड्सचें नांव घेऊन दिलेल्या वचनाचा हा दूरचा प्रतिध्वनि म्हणावा.

पण यंत्राच्या साक्षींतहि एक धोका आहे. वही ग्राहकाच्या गाडींत, आणि ती वाचण्याची विद्या व साधनें बहुधा कारखान्याच्या हातीं. ज्याचें नुकसान व्हावयाचें त्यानेंच साक्ष वाचून दाखवावी, हें १९५५ च्या त्या जुन्या हमीपत्रासारखेंच झालें. तेथेंहि दोष आहे कीं नाहीं हें कारखान्याचें ‘समाधान’च ठरवीत असे. अमेरिकेनें २०१५ मध्यें कायदा करून अपघाताची नोंद ठेवणाऱ्या यंत्रांतील माहिती गाडीच्या मालकाची, किंवा गाडी भाड्यानें घेतलेल्याची, असें ठरविलें, हें त्या दृष्टीनें योग्यच झालें.

आपल्या देशाकडे पाहतां, १९३० चा मालविक्रीचा कायदा त्या १८९३ च्या इंग्रजी कायद्याच्याच धर्तीवर रचलेला आहे; शर्त आणि हमी हा भेद त्यांत तसाच आला आहे. पुढें १९८६ आणि २०१९ चे ग्राहक संरक्षण कायदे आले. २०१९ च्या कायद्यानें एकतर्फी करारांना ‘अन्याय्य करार’ म्हणून आव्हान देण्याची वाट मोकळी केली आणि सदोष वस्तूमुळें होणाऱ्या हानीबद्दल कारखानदाराची जबाबदारी नांव घेऊन सांगितली. त्याबरोबरच वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यांत फेरफार झाला असेल तर विक्रेत्याला बचावहि दिला. हा ‘गैरवापर’ शब्दच उद्यां वादाचें केंद्र होईल असें आम्हांस वाटतें. आपल्याकडील हमीपुस्तिकांतहि शर्यत आणि रॅली यांना वगळणारीं कलमें आहेतच, आणि वेगवान गाडीची हौस आतां मोजक्या धनिकांपुरती राहिलेली नाहीं. ज्या गोष्टीचें चित्र जाहिरातींत काढलें, तिलाच पुस्तिकेंत गैरवापर म्हणतां येईल काय?

आमचें उत्तर असें आहे. शर्यतीस हमींतून वगळण्याचा कारखानदाराला अधिकार असावा. परंतु तो अधिकार ज्या जाहिरातींत वेगाची स्तुति केली तिच्याच शेजारीं, तितक्याच मोठ्या अक्षरांत बजावलेला असावा. बिघाड शर्यतीमुळें झाला असें जो म्हणेल, त्यानेंच तें सिद्ध करावें. गाडी एकदां त्या वाटेवर दिसली एवढ्यानें तिला जन्माची बहिष्कृत करूं नये. आणि हौशी माणसानेंहि आपली झीज आपण सोसावी. रविवारची हौस सोमवारीं लपवून नऊ शेजाऱ्यांच्या वर्गणींतून फेडून घेणें हें प्रामाणिकपणाचें नव्हे. दोघांनींहि खरें बोलावें, एवढेंच हें आहे; आणि व्यवहारांत हेंच सर्वांत महाग असतें.

१८९५ सालच्या परीक्षकांनीं पहिल्या आलेल्या लव्हासोरला पहिलें बक्षीस नाकारलें, कारण आधीं जाहीर केलेली शर्त त्यांनीं शर्यतीहून श्रेष्ठ मानली. लव्हासोरला तें खचितच लागलें असेल. परंतु शर्त काय आहे हें गाडींत पाऊल ठेवण्यापूर्वीं त्याला ठाऊक होतें. आजच्या ग्राहकानें याहून अधिक कांहीं मागूं नये, आणि त्याला याहून कमी मिळूं नये.